‘जंत’ ह्या शब्दाचा व्याप आणि शिरूर-दौंडची मेंढपाळी

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस घोड, भीमा आणि मुळा-मुठा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेले शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, विस्तीर्ण माळराने आणि त्यांवर चरणारी दख्खनी मेंढी हे ह्या भागाचे जुने चित्र होय. येथील धनगर कुटुंबाची सारी पुंजी चार पायांवर चालत असते. तिला बँकेतील ठेवीप्रमाणे कुलूप नसते; आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, चारा मुबलक असताना, अंगाने बऱ्या दिसणाऱ्या कोकरांपैकी काही दोन-चार दिवसांत दगावतात तेव्हा ही पुंजी डोळ्यांदेखत घटते. ह्या हानीचे एक प्रमुख कारण म्हणजे पोटातील जंत.

वरवर पाहता हा विषय पशुवैद्यकाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. त्याचे उत्तर असे की, औषध जनावराच्या पोटात पोहोचण्यापूर्वी ते शब्दाच्या वाटेने प्रवास करते. मेंढपाळ दुकानात जातो आणि ‘जंताचे औषध’ मागतो. ह्या दोन शब्दांत प्राण्याचे एक नाव आहे, औषधाचे एकवचन आहे आणि त्या दोहोंचा षष्ठीने जोडलेला संबंध आहे. वस्तुस्थिती मात्र अशी की, जंत एक नाही, औषध एक नाही आणि त्यांचा संबंध सरळ नाही. ह्या तफावतीची किंमत कोणत्या रीतीने मोजावी लागते, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. जंत, जंतू आणि कृमी

‘जंत’ हा शब्द संस्कृत ‘जन्तु’ ह्यापासून आला. ‘जन्’ म्हणजे जन्मणे ह्या धातूपासून बनलेल्या ह्या शब्दाचा वैदिक भाषेतील अर्थ अपत्य, प्राणी, किंबहुना मनुष्य असाही आहे. जे जे जन्मले ते ते ‘जन्तु’. मराठीत येताना ह्या व्यापक शब्दाचे दोन धागे झाले. तत्सम ‘जंतू’ हा शब्द आधुनिक काळात सूक्ष्मजीवांकडे वळला. रोगजंतू, जंतुनाशक, जंतुसंसर्ग हे सामासिक शब्द त्याचीच संतती. तद्भव ‘जंत’ मात्र पोटातील किड्यांपुरता उरला. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय. ‘जंतनाशक’ आणि ‘जंतुनाशक’ ह्या दोन शब्दांत आज एका उकाराचेच अंतर आहे, परंतु त्यांनी दर्शविलेल्या बाटल्यांतील द्रव्ये सर्वस्वी भिन्न असतात.

‘कृमि’ हा शब्द ह्याहूनही प्राचीन आहे. फारसी ‘किर्म’ आणि लिथुआनियन ‘किर्मिस’ हे त्याचे सगोत्र होत. ‘किरमिजी’ हे रंगाचे नावही ज्या किड्यापासून तो रंग काढीत त्याच्यामार्फत ह्याच कुळातून आले. अथर्ववेदात कृमींच्या नाशासाठी सूक्ते आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार मानले असून त्यांची उत्पत्तिस्थानानुसार चार गटांत वाटणी केली आहे. ही वाटणी आजच्या प्राणिशास्त्राशी जुळत नाही. परंतु कृमी अनेक प्रकारचे असतात आणि प्रकार ओळखल्याशिवाय उपचार करू नये, हे तत्त्व तीत स्पष्ट आहे. बोलीतील ‘जंत’ ह्या शब्दात नेमका हा भेदच लोपला आहे.

३. एका नावाखालचे पाच जीव

मेंढीच्या संदर्भात ‘जंत’ ह्या नावाखाली, किंवा जंतांचाच विकार म्हणून, निदान पाच निरनिराळे जीव येतात.

पहिला हिमाँकस. मेंढीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी चौथ्यात राहणारा हा गोलकृमी रक्तपिपासू आहे. मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब असते. तिच्या रक्ताने भरलेल्या आतड्याभोवती पांढऱ्या बीजनलिकांचा वेढा असल्यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त नाहीसे करतो. म्हणजे हजार कृमी असलेल्या मेंढीचे रोज ५० मिलिलिटर रक्त जाते. २५ किलो वजनाच्या मेंढीच्या अंगात जेमतेम दीड लिटरच्या आसपास रक्त असते, हे लक्षात घेतले म्हणजे धडधाकट दिसणारे जनावर अकस्मात का कोसळते ते कळते.

दुसरा पट्टकृमी मोनिझिया. ह्याचे शिजलेल्या भाताच्या शितांसारखे तुकडे कोकराच्या लेंडीत उघड दिसतात. गवतातील सूक्ष्म माइटींच्या मार्फत तो कोकराच्या पोटात जातो. तिसरा यकृतातील पर्णाभ कृमी, म्हणजेच फॅसिओला. पानासारखा चपटा हा कृमी गोगलगायीच्या शरीरात वाढल्याशिवाय मेंढीपर्यंत पोहोचू शकत नाही. चौथा अँफिस्टोम, ह्याचे प्रौढ रूप पहिल्या कप्प्यात चिकटून असते व फारसे उपद्रवी नसते, परंतु कोवळ्या अवस्थेत तो लहान आतड्यात असताना तीव्र हगवण लावतो. पाचवा कॉक्सिडिया. हा तर कृमीही नव्हे. तो एकपेशीय जीव असून गर्दीत वाढणाऱ्या करडा-कोकरांना रक्ताळ हगवण लावतो. कोणतेही जंतनाशक त्याच्यावर चालत नाही.

शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त त्याच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात आला आहे आणि त्यातील सुप्रसिद्ध उदाहरण योगायोगाने मेंढीचेच आहे. फ्रेंचमध्ये जिवंत मेंढी आणि तिचे मांस ह्यांस एकच शब्द आहे, इंग्रजीत दोन आहेत. म्हणून त्या शब्दांचे मूल्य सारखे नाही. मराठी मेंढपाळाच्या भाषेत मेंढा, मेंढी, कोकरू असे शेजारी परस्परांच्या सीमा आखून देतात. ‘जंत’ ह्या शब्दास असा शेजारी नाही. त्यामुळे त्याची सीमा पोटाच्या कोणत्याही दुखण्यापर्यंत पसरते.

ह्यावरून मराठी दरिद्री आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. इंग्रजीतील सामान्य शब्दाची स्थिती हीच आहे. दैनंदिन भाषा जे डोळ्यांना दिसते त्याला नाव देते. आणि येथेच खरी अडचण आहे. लेंडीत दिसतो तो पट्टकृमी, आणि पाचांमध्ये तो पुष्कळ सौम्य. जो खरा घातक, तो हिमाँकस, जनावर कापल्याशिवाय दृष्टीस पडत नाही. शिवाय त्याच्यामुळे बहुधा हगवणही लागत नाही. लेंडी घट्टच राहते. ‘जंत झाले म्हणजे हगवण लागणार’ ह्या समजुतीने पाहणारा मनुष्य अशा मेंढीस निरोगी समजतो. जबड्याखाली पाणी साचून सूज येते, तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

४. ‘पाडणे’ ह्या क्रियापदाविषयी

मराठीत जंत ‘होतात’ आणि औषधाने ते ‘पाडतात’. ही दोन्ही क्रियापदे विचार करण्याजोगी आहेत. ‘होणे’ ह्या क्रियापदाने जंत आपोआप, आतून उद्भवतात असे सूचित होते. वस्तुतः ते बाहेरून येतात. लेंडीतील अंड्यांतून अळ्या निघतात. ऊब आणि ओल असेल तर आठवड्याभरात त्या संसर्गक्षम होतात, गवताच्या पात्यावरील पाण्याच्या पातळ थरातून वर चढतात आणि चरताना मेंढीच्या पोटात जातात. तेथे सुमारे तीन आठवड्यांत प्रौढ होऊन त्या पुन्हा अंडी घालू लागतात. पावसाळ्यात हे चक्र अनेकदा फिरते. ज्या जमिनीवर लेंडी पडली तीच जमीन पुन्हा चरणे, हे ह्या व्याधीचे मूळ होय.

‘पाडणे’ हे क्रियापद प्रयोजक आहे आणि पूर्णतावाचकही. जंत पाडले, काम झाले. परंतु कोणतेही औषध सर्वच्या सर्व कृमी मारीत नाही. जे उरतात ते बहुधा त्या औषधास दाद न देणारे असतात, आणि पुढची पिढी त्यांचीच असते. हा क्रम वारंवार घडला म्हणजे औषध निरुपयोगी होते. थायाबेंडाझोल हे औषध १९६१ मध्ये आले. १९६४ मध्येच त्यास दाद न देणाऱ्या कृमींची नोंद झाली. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये बाजारात आले. त्याच्या शोधाबद्दल कँपबेल व ओमुरा ह्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु ते पारितोषिक मिळण्याच्या कितीतरी आधीपासून मेंढ्यांतील हिमाँकस जगाच्या अनेक भागांत त्यास जुमानीनासा झाला होता.

येथे मानवी वैद्यकाशी एक तुलना उद्बोधक ठरेल. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि मुलांना एकाच दिवशी अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मुलांच्या बाबतीत ही सरसकट पद्धत सोयीची व हितकर मानली जाते. तोच शब्द आणि तेच औषध असल्यामुळे तीच रीत कळपास लावावी असे सहज वाटते. परंतु कळपातील प्रत्येक जनावरास एकाच दिवशी औषध पाजले, तर औषधाचा स्पर्श न झालेले कृमी फक्त कुरणात उरतात. आणि उन्हाळ्यात कुरण रखरखीत असताना तेथेही ते जवळजवळ नसतात. मग पुढची सारी प्रजा औषधातून वाचलेल्यांचीच होते. म्हणून काही जनावरांस मुद्दाम औषध न देता त्यांच्यातील नरम कृमींचा वंश राखावा, असे आजचे शास्त्र सांगते. ‘पाडणे’ ह्या क्रियापदाच्या नेमके विरुद्ध जाणारा हा विचार असल्यामुळे तो समजावून सांगणे कठीण जाते.

५. औषधांची नावे आणि त्यांचे प्रत्यय

दुकानातील बाटलीवर व्यापारी नाव ठळक असते आणि द्रव्याचे नाव बारीक. एका बाटलीचा गुण येईनासा झाला म्हणजे मेंढपाळ दुसरी घेतो. नाव बदलले, रंग बदलला, किंमत बदलली. द्रव्य मात्र पुष्कळदा तेच किंवा त्याच कुळातले राहते. कृमींच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

ह्या बाबतीत भाषाभ्यासकास परिचित असे एक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे प्रत्यय. जागतिक आरोग्य संघटनेने औषधद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय नावांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. ह्या नामकरणात नावाचा अंत्यभाग पुष्कळदा कुळ दाखवितो. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, मेबेंडाझोल ही एका कुळाची. आयव्हरमेक्टिन, डोरामेक्टिन ही दुसऱ्या. अल्बेंडाझोलला दाद न देणारा कृमी फेनबेंडाझोललाही बहुधा देत नाही. देवनागरीत छापलेले नाव वाचता येणाऱ्या कोणासही ‘-बेंडाझोल’ आणि ‘-मेक्टिन’ हा भेद पाच मिनिटांत शिकविता येईल.

तथापि प्रत्ययावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. पायरँटेल, क्लोझँटेल आणि प्राझिक्वांटेल ह्यांचा शेवट सारखा. परंतु पहिले गोलकृमींना लुळे करते, दुसरे रक्तपिपासू गोलकृमी व यकृतातील पर्णाभ कृमी ह्यांवर चालते आणि तिसरे पट्टकृमींवर. येथे प्रत्यय केवळ ‘कृमींवरील औषध’ इतकेच सांगतो, कुळ सांगत नाही. आयव्हरमेक्टिन पट्टकृमीवर वा पर्णाभ कृमीवर चालत नाही. लेव्हामिसोलही चालत नाही. लेंडीत भाताची शिते पाहून आयव्हरमेक्टिन पाजणारा मनुष्य ‘जंताला जंताचे औषध’ देत असतो, आणि तरीही ते व्यर्थ जाते.

६. ‘शेळ्यामेंढ्या’ हा द्वंद्व समास

शासकीय योजनांत, बाजारात आणि बोलण्यातही ‘शेळ्यामेंढ्या’ हा समास इतका रुळला आहे की, त्यातील दोन पदे भिन्न जातीच्या प्राण्यांची आहेत ह्याचा विसर पडावा. चरताना दोघींचे वर्तन वेगळे असते. मेंढी जमिनीलगतचे गवत खाते आणि बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरांतच असतात. शेळी झुडपांचा पाला ओरबाडते. त्यामुळे तिच्या पूर्वजांचा ह्या कृमींशी संबंध कमी आला आणि तिची प्रतिकारशक्तीही त्या मानाने कमी राहिली. झुडपे तुटून शेळीलाही जमिनीवर चरावे लागले म्हणजे ती अधिक बाधित होते.

औषधाच्या बाबतीत हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. शेळीचे शरीर पुष्कळशी जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. म्हणून अल्बेंडाझोलच्या कुळातील औषधांची मात्रा शेळीस मेंढीच्या सुमारे दुप्पट आणि लेव्हामिसोलची सुमारे दीडपट असावी असे पशुवैद्यक सुचवितात. लेव्हामिसोलचा अतिरेक विषारी असल्यामुळे ती मात्रा वजन करूनच ठरवावी लागते. मिश्र कळपास एकाच मापाने औषध पाजले, तर शेळीच्या पोटातील कृमींना मरण्याइतके नव्हे, तर सराव होण्याइतकेच औषध मिळते. तेच कृमी पुढे त्याच माळावर मेंढीच्या पोटात जातात. समासाने जोडलेल्या दोन पदांची फोड येथे केवळ व्याकरणाची बाब राहत नाही.

७. माळ, कालवा आणि वाडा

शिरूर-दौंडचा कोरडा माळ हा पूर्वी स्वतःच एक औषध होता. चैत्र-वैशाखातील उन्हात गवतावरील अळ्या फार दिवस तग धरीत नाहीत. त्यात धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे वा अन्यत्र निघत आणि पावसाच्या तोंडावर परतत. वाटेत शेतांवर मेंढ्या बसवीत. लेंडीखताच्या बदल्यात धान्य वा रोकड मिळे, दोन-चार दिवसांत मुक्काम हले आणि ती जमीन पुढे नांगरली जाई. आपल्याच लेंडीवर उगवलेले गवत त्याच कळपाने पुन्हा चरण्याचा प्रसंग त्यामुळे कमी येई. ह्या रीतीस ‘जंतांचा बंदोबस्त’ असे नाव कोणी दिले नव्हते. परंतु तिचा परिणाम तोच होता.

ही परिस्थिती पालटली. खडकवासल्याचा कालवा दौंडकडे गेला, चिंचणीचे घोड धरण १९६० च्या दशकात झाले, चासकमानचे पाणी शिरूरला आले. उसाचे क्षेत्र वाढले. पाटस, न्हावरे येथे साखर कारखाने उभे राहिले. ह्या समृद्धीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु मेंढपाळाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, माळ आटला आणि चराई कालव्याच्या कडेच्या, बारमाही ओल असणाऱ्या अरुंद पट्ट्यांवर आली. तेथे अळ्या उन्हाळ्यातही जगतात, साचलेल्या पाण्यात गोगलगाई वाढतात आणि कळप त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो. कोरड्या प्रदेशात पूर्वी गौण असलेला पर्णाभ कृमी अशा जागी महत्त्वाचा ठरू शकतो. भाषेतील ‘जंत’ तोच राहिला. त्याने दर्शविलेल्या जीवांचे परस्परप्रमाण मात्र बदलण्यास अनुकूल अशी भूमी तयार झाली.

८. उपायांची दिशा

चरकाने कृमिचिकित्सेची तीन अंगे सांगितली आहेत : अपकर्षण म्हणजे कृमी काढून टाकणे, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोषक असलेली परिस्थिती मोडणे, आणि निदानपरिवर्जन म्हणजे कारण टाळणे. ‘पाडणे’ ह्या क्रियापदात ह्यांपैकी फक्त पहिले अंग उरले आहे. आजच्या शास्त्राचा सल्ला ह्या तिन्ही अंगांत मांडता येतो.

अपकर्षणासाठी आधी परीक्षण हवे. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात फमाचा नावाची पद्धत विकसित झाली. मेंढीच्या खालच्या पापणीची आतली बाजू रंगपट्टीशी ताडून पाहावयाची : लाल, लालसर गुलाबी, गुलाबी, फिकट गुलाबी आणि पांढरीफटक अशा पाच पायऱ्या. शेवटच्या दोन पायऱ्यांवरील जनावरास औषध द्यावयाचे, मधल्या पायरीवर विचार करावयाचा, पहिल्या दोन सोडून द्यावयाच्या. रक्तक्षय अन्य कारणांनीही होतो, म्हणून हिमाँकसचा प्रादुर्भाव असलेल्या कळपासच ही पद्धत लागू पडते. परंतु कळपातील प्रत्येक मेंढी रूपावरून ओळखणाऱ्या मेंढपाळास ती परकी वाटण्याचे कारण नाही. रंगांचे हे पाचही शब्द त्याच्या भाषेत आधीच आहेत.

औषध चालते की नाही हे लेंडी सांगते. औषधापूर्वी व त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी एका ग्रॅम लेंडीतील अंडी मोजावयाची. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर त्या औषधाविषयी शंका घ्यावी. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. ज्या पुण्यात १८८९ मध्ये देशाच्या पशुवैद्यक संशोधनसंस्थेचा आरंभ झाला, त्या शहराच्या जिल्ह्यात लेंडीची परीक्षा ही अपूर्वाई वाटू नये. गाभण मेंढीस पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, इत्यादी पथ्ये पशुवैद्याकडूनच समजून घ्यावीत.

प्रकृतिविघातात आहार आणि वंश ह्यांचा समावेश होतो. प्रथिने पुरेशी मिळालेली मेंढी कृमींचा भार अधिक सोसते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत दख्खनी व बन्नूर मेंढ्यांचा सुंदरबनातील गरोळ जातीशी संकर करून कोकरांच्या कृमिप्रतिकाराचा अभ्यास झाला आहे. ओल्या प्रदेशात टिकलेल्या जातीचा हा गुण पुढील पिढ्यांत आणता येतो. निदानपरिवर्जनात, दहिवर असताना चराई टाळणे, पाणथळ जागा वर्ज्य करणे, गवत अगदी मुळापर्यंत खाऊ न देणे, कोकरांना मोठ्या जनावरांच्या आधी ताज्या चराईवर सोडणे आणि नव्याने विकत घेतलेली मेंढी काही दिवस वेगळी ठेवणे ह्या गोष्टी येतात.

शब्द बदलल्याने कृमी मरणार नाहीत, हे उघड आहे. चराईची जागा, वजनकाट्याची सोय आणि पशुवैद्याची उपलब्धता हे प्रश्न शब्दांनी सुटणारे नव्हेत. परंतु माहितीपत्रके आणि बाटल्यांवरील मजकूर मराठीत तयार होतो तेव्हा शब्दांची निवड कोणीतरी करीतच असते. ‘सर्व प्रकारच्या जंतांवर’ ह्या मोघम वाक्याऐवजी ‘गोल जंत’, ‘पट्टीचे जंत’, ‘काळजातले पानासारखे जंत’ अशी साधी, डोळ्यांपुढे आकार उभा करणारी नावे वापरली, शेळी व मेंढी ह्यांची मात्रा स्वतंत्र ओळींत छापली आणि द्रव्याचे नाव व्यापारी नावाइतक्याच ठळक अक्षरांत दिले, तर दुकानात विचारला जाणारा प्रश्न बदलू शकेल. ‘जंताचे औषध द्या’ ह्या मागणीच्या जागी ‘कोणत्या जंताचे?’ हा प्रश्न येणे, एवढे काम परिभाषेच्या अभ्यासकांच्या आवाक्यातले आहे, आणि त्यावर काही कोकरांचे जगणे अवलंबून आहे.